औषधाची परीक्षा, शरीराबाहेर

‘‘हे औषध लागू पडेल ना हो, डॉक्टर?’’

कर्करोगाचे निदान झालेल्या घरातून हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारला जातो. कधी मुलगा विचारतो, कधी सून, कधी गावाहून धावत आलेला भाऊ. रुग्ण स्वतः बहुधा काही विचारत नाही, तो डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. डॉक्टर सरळ मनाचे असले तर सांगतात, की अशा प्रकारच्या गाठीत शंभरातल्या इतक्या-इतक्या रुग्णांना या औषधाने गुण येतो. उत्तर खरे असते. पण घरच्यांनी शंभरांचे काय करायचे? त्यांचा माणूस एकच असतो. तो गुण येणाऱ्यांत आहे की न येणाऱ्यांत, हे केमोथेरपीचे दोन-तीन डोस होऊन पुन्हा स्कॅन काढल्यावर कळते. तोवर केस गेलेले असतात, तोंड आलेले असते आणि बँकेतली ठेव मोडलेली असते.

मग हे औषध आधी शरीराबाहेर, त्याच रुग्णाच्या गाठीतल्या जिवंत पेशींवर चालवून पाहता आले तर? विचार साधा आहे. शिंपीसुद्धा कापड आधी भिजवून पाहतो, मगच कात्री लावतो. पण हा साधा विचार प्रत्यक्षात उतरायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही. या लांबलचक कथेचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत, परळला घडला आहे, याची मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना कल्पना असते.

पुण्याची मुलगी, परळची प्रयोगशाळा

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेली कमल समर्थ ही फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांची मुलगी. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. ती वनस्पती आणि प्राणिशास्त्राकडे वळली आणि १९३९ साली तिने लग्न केले ते गणितात रमलेल्या ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी. एम.एस्सी.साठी तिने अभ्यास केला सीताफळाच्या कुळाचा! १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या या बाईंचे नाव पुढे कर्करोगाच्या संशोधनाशी कायमचे जोडले जाईल, असे तेव्हा कोणाला वाटले असेल?

मुंबईला आल्यावर टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केले आणि १९४९ साली पीएच.डी. मिळवली. खानोलकर म्हणजे आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचे पितामह. त्यांनी कमलताईंना अमेरिकेला जाण्याचा सल्ला दिला. त्या गेल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. शरीरातून काढलेल्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या, म्हणजेच ऊतिसंवर्धन किंवा टिश्यू कल्चर, यात त्या काळी गाय यांचा हात धरणारा क्वचितच कोणी सापडला असता.

हे काम किती चिवटपणाचे होते पाहा. पेशींचे खाद्य आजच्यासारखे बाटलीतून विकत मिळत नसे. कोंबडीच्या रक्तातला द्रव, गाईच्या गर्भाचा अर्क, बाळंतपणानंतर वारेच्या नाळेतून जमवलेले रक्त असे मिळेल ते एकत्र करून गाय आपली पाककृती सिद्ध करीत. पेशी ठेवलेल्या नळ्या एका पिंपात बसवून ते पिंप तासाला एक-दोन फेऱ्या इतक्या संथपणे फिरत ठेवायचे. म्हणजे पेशींना आळीपाळीने खाद्य आणि हवा दोन्ही मिळावे. एवढे करूनही माणसाच्या पेशी काही दिवसांत मरून जात.

१९५१ च्या फेब्रुवारीत त्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा आला. पाच मुलांची ही आई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. पण तिच्या पेशी मेल्या नाहीत. दर चोवीस तासांना दुप्पट होत त्या वाढतच राहिल्या. त्यांना नाव मिळाले ‘हेला’. पोलिओच्या लशीची परीक्षा त्यांच्यावर झाली, जगभरच्या प्रयोगशाळांत त्या पोचल्या आणि आजही वाढत आहेत. तिला किंवा तिच्या घरच्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. घरच्यांना हे कळायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

कमलताई परत आल्या. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, परळला, त्यांनी साठच्या दशकात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती अशा प्रकारची पहिलीच. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध असावा, हे आपल्याकडे प्रथम मांडणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या गेल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात गूगलने त्यांचे चित्र आपल्या पानावर झळकवले तेव्हा अनेक घरांतल्या शाळकरी मुलांनी आईला विचारले असेल, ‘‘ह्या कोण गं?’’

पापड आणि लाडू

गाय यांच्यापासून परळपर्यंत आणि पुढची कित्येक वर्षे पेशी वाढवण्याची मुख्य रीत एकच होती. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या सपाट तळावर पातळ खाद्य ओतायचे आणि त्यात पेशी सोडायच्या. त्या तळाला चिकटतात, पसरतात आणि एकीशेजारी एक अशा एका थरात वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतात, मोजता येतात, औषध घालून किती मेल्या हे पटकन सांगता येते. कर्करोगाची बरीचशी औषधे प्रथम अशाच सपाट बशीत पसंत केली गेली.

अडचण अशी, की माणसाच्या अंगातली गाठ सपाट नसते.

गच्चीवर वाळत घातलेला पापड आणि डब्यातला लाडू यांचा विचार करा. ऊन पापडाला सगळीकडे सारखे लागते. लाडूचे वरचे कवच कडक झाले तरी आत ओल असते. सपाट बशीतल्या पेशीला खाद्य भरपूर, प्राणवायू भरपूर, आणि औषधही थेट अंगावर. गाठीत तसे नसते. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा दूर गेले, की प्राणवायू संपत येतो. तिथल्या पेशी अर्धपोटी, जवळजवळ झोपी गेलेल्या असतात. केमोथेरपीची बरीचशी औषधे मारतात ती भराभर दुभंगणाऱ्या पेशींना. झोपलेल्या पेशी त्यांच्या तावडीतून सुटतात आणि उपचार थांबल्यावर जाग्या होतात. बशीत शंभर टक्के यशस्वी ठरलेले औषध रुग्णात हात टेकते, त्याचे एक कारण हे.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. पेशीला शेजार लागतो. गिरणगावातल्या चाळीत वाढलेला माणूस एकटा लॉजवर राहायला गेला, तर त्याचे वागणे तेच राहील का? पेशीचेही तसेच. मूळच्या इराणच्या आणि अमेरिकेत बर्कलीला संशोधन करणाऱ्या मिना बिसेल यांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. स्तनातल्या निरोगी पेशी आणि कर्करोगाच्या पेशी सपाट बशीत साधारण सारख्याच दिसत. त्याच पेशी त्यांनी शरीरातल्या आधारद्रव्यासारख्या मऊ जेलमध्ये वाढवल्या, तर निरोगी पेशींनी मधे पोकळी ठेवून सुबक गोल रचना केली, जशी दूध तयार करणाऱ्या ग्रंथीत असते. कर्कपेशींनी नुसता वेडावाकडा गोळा केला. पुढे १९९७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्कपेशींच्या पृष्ठभागावरचा, आजूबाजूची चाहूल घेणारा एक रेणू बंद केला. तेव्हा त्या बिघडलेल्या पेशी, आतले जनुकीय बिघाड तसेच असताना, पुन्हा शहाण्यासारख्या गोल रचनेत बसल्या! सपाट बशीत हे कधी दिसलेच नसते.

जेली उलटी, उजेड काजव्याचा

तिन्ही मितींत पेशी वाढवायला दर वेळी अवाढव्य यंत्रसामग्री लागते असे नाही. सर्वांत सोपी युक्ती लोंबत्या थेंबाची. झाकणाच्या आतल्या बाजूला पेशी असलेल्या द्रवाचे थेंब ठेवायचे आणि झाकण उलटे करायचे. चिकटायला तळच नाही म्हटल्यावर पेशी थेंबाच्या टोकाशी उतरतात आणि एकमेकींनाच बिलगून चेंडू करतात. लोंबत्या थेंबात पेशी जिवंत ठेवण्याची कल्पना बेडकाच्या चेतापेशींसाठी रॉस हॅरिसन यांनी १९०७ सालीच वापरली होती.

खरी उडी घेतली नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने. २००९ साली त्यांनी उंदराच्या आतड्यातली एकच मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, जेलमध्ये ठेवून तिच्यापासून इवलेसे आतडे वाढवले. अशा सूक्ष्म अवयवाला नाव पडले ऑर्गनॉइड. आपण अवयविका म्हणू. मग कर्करोगाच्या गाठींपासूनही अवयविका होऊ लागल्या.

रीत थोडक्यात अशी. शस्त्रक्रियेत किंवा बायॉप्सीत काढलेला ताजा तुकडा बारीक चिरतात, विकरांनी त्यातल्या पेशी सुट्या करतात आणि थंडगार जेलमध्ये मिसळतात. हे जेल आपल्या घरच्या जेलीच्या अगदी उलट. जेली फ्रीजमध्ये घट्ट होते, हे फ्रीजमध्ये पातळ राहते आणि शरीराच्या उबेत घट्ट बसते. वरून खाद्य घालतात, ते दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. सारे जमून आले तर काही आठवड्यांत राईच्या दाण्याहून लहान असे शेकडो गोळे तयार होतात. ते छोट्या-छोट्या खळग्यांत वाटून प्रत्येक खळग्यात वेगळे औषध किंवा वेगळी मात्रा घालायची. शेवटी मोजायचे काय? जिवंत पेशीत ऊर्जेचा एक ठरावीक रेणू असतो. काजव्याला ज्या विकरामुळे उजेड पडतो ते विकर त्यात मिसळले, की जितक्या पेशी जिवंत तितका प्रकाश. ज्या खळग्यात अंधार झाला, तिथले औषध लागू पडले. शेताच्या बांधावरचा काजवा इथे असा कामी येतो.

हे भाकीत खरे किती ठरते? लंडनमधल्या संशोधकांनी आतडी-जठराच्या, अंगभर पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. औषध चालणार नाही, असे अवयविकेने सांगितले तेव्हा ते रुग्णातही चालले नाही, एकदाही नाही. चालेल असे सांगितले तेव्हा शंभरात ८८ वेळा ते खरे ठरले. रुग्ण मोजकेच होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही पहिला आकडा मला दुसऱ्याहून मोलाचा वाटतो. निरुपयोगी औषधाचे सहा डोस टळणे ही लहान गोष्ट नव्हे.

उंदीर वाचले, माणसे वाचली नाहीत

नव्या औषधाची कोंडी तर याहून मोठी. मानवी चाचण्यांपर्यंत पोचलेल्या कर्करोगाच्या साधारण वीस औषधांपैकी एकच बाजारात येते. ती सगळी आधी बशीत आणि प्राण्यांत उत्तीर्ण झालेली असतात. उंदरांचा कर्करोग आपण कितीतरी वेळा बरा केला आहे! आणि प्राण्यांची ग्वाही जिवावरही बेतू शकते. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात एका नव्या प्रतिद्रव्य-औषधाची पहिली मानवी चाचणी झाली. माकडांना जी मात्रा निर्धोक ठरली होती, तिच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी मात्रा सहा निरोगी तरुणांना देण्यात आली. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. ते वाचले, पण दीर्घ उपचारांनंतर.

अशा अनुभवांमुळे कायदेही हलले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची कायद्यातली सक्ती काढली. आपणही मागे राहिलो नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून अवयविका, चिपवरचे अवयव, मानवी पेशींचे त्रिमित छपाईकाम अशा पद्धतींना मान्यता दिली. प्राण्यांवरच्या चाचण्या बंद झाल्या असा याचा अर्थ नव्हे. दुसरा रस्ता उघडला, एवढाच.

आणि एक गोष्ट प्राणिप्रेमी वाचकांना सांगायलाच हवी. अवयविका ज्या जेलमध्ये वाढतात, ते आजही बहुतेक ठिकाणी उंदराच्या एका गाठीपासून काढलेले असते, आणि पेशींच्या खाद्यात अनेकदा वासराच्या गर्भाच्या रक्तातले सीरम असते. पर्याय शोधले जात आहेत. पण ‘प्राण्यांशिवाय’ ही पाटी अजून पुरती खरी नाही.

आपली गाठ, आपल्या पेशी

आता मूळ मुद्दा. जगातल्या प्रयोगशाळांत वाढणाऱ्या कर्कपेशींपैकी बहुसंख्य पाश्चात्त्य रुग्णांच्या आहेत. आपला कर्करोग मात्र आपल्या सवयींतून येतो. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळतो तो तोंडाचा कर्करोग, आणि तोही विशेषतः गाल व हिरडी यांमधल्या खोबणीत, जिथे तंबाखू-चुन्याची गोळी दाबून ठेवलेली असते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी टपरीवर काय मिळते हे तुम्हीही जाणता. पाश्चात्त्य रुग्णाच्या पेशीवर पसंत केलेले औषध या गाठीवर तसेच वागेल, असे गृहीत का धरायचे?

तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध खानोलकरांनी फार पूर्वी दाखवला होता. १९९० साली परळच्याच कर्करोग संशोधन संस्थेने आपल्या रुग्णांच्या तोंडातील गाठींपासून चार नव्या पेशीमालिका तयार करून जाहीर केल्या. ती संस्था पुढे नवी मुंबईत खारघरला गेली, तिचे नाव आज ‘ॲक्ट्रेक’. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारी पेढीच. चेन्नईच्या आयआयटीत राष्ट्रीय कर्करोग ऊतीपेढी आहे, तिथे रुग्णांच्या संमतीने गाठींचे नमुने अतिशीत तापमानात जपले जातात. म्हणजे दाणे आहेत, कणगी आहे. आपल्या रुग्णांच्या त्रिमित अवयविकांचा मोठा, सर्वांना खुला संग्रह व्हायला हवा. वर्षाला सुमारे चौदा लाख नवे कर्करुग्ण असलेल्या देशाने पेशींच्या बाबतीत परावलंबी राहणे मला तरी पटत नाही.

मग आज आपल्या माणसासाठी काय?

इथे जरा जपून बोलायला हवे, कारण आशेचा बाजार लवकर मांडला जातो. ‘गाठीचा तुकडा पाठवा, कोणते औषध चालेल ते सांगतो’, अशा चाचण्या खाजगी रीतीने मिळतात आणि स्वस्त नसतात. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा औषध-संवेदनशीलता चाचण्या नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, संशोधनापुरत्याच ठेवाव्यात, असे २००४ साली सांगितले आणि २०११ साली पुन्हा तेच सांगितले. अवयविकांची चाचणी त्या जुन्या चाचण्यांहून सरस वाटते, पण तिच्या आधारे निवडलेल्या उपचाराने रुग्ण अधिक जगतात, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध व्हायचे आहे.

तिला मर्यादाही आहेत. प्रत्येक गाठ प्रयोगशाळेत रुजत नाही. रुजली तरी आठवडे लागतात, आणि रुग्णाकडे ते असतातच असे नाही. अवयविकेत रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशी मुद्दाम घालाव्या लागतात; त्यामुळे प्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या औषधांची परीक्षा तिथे सहजासहजी होत नाही. सायक्लोफॉस्फामाइड हे स्तनाच्या कर्करोगावरचे जुने, खात्रीचे औषध घ्या. ते यकृतातून गेल्याशिवाय कामालाच लागत नाही. बशीत यकृत नाही, म्हणून तिथे ते निकामी ठरेल! बशीचा कौल वाचायलाही जाणता माणूस लागतो.

तेव्हा कोणी अशी चाचणी सुचवली तर पैसे भरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. निकाल हातात येईपर्यंत उपचार थांबवावा लागेल का? निकाल काहीही आला तरी तुम्ही औषध बदलणार आहात का? आणि हे संशोधनाचा भाग म्हणून होत असेल, तर त्याचा खर्च आमच्याकडून का? दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते पैसे औषधांसाठी राहू द्यावेत.

संशोधनासाठी ऊती देणे ही मात्र वेगळी गोष्ट. त्याला रुग्णाचा पैसा लागत नाही, फक्त संमती लागते. हेन्रिएटा लॅक्सच्या कुटुंबाशी एका बड्या अमेरिकन कंपनीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये तडजोड केली, तिच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. आज कोणतीही जबाबदार संस्था न विचारता अशा पेशी घेत नाही. संमतीपत्रात संशोधनाचा उल्लेख असतो. बहुतेक जण ऑपरेशनच्या धास्तीत न वाचताच सही करतात. तुकडा कशासाठी वापरणार, नाव गुप्त राहणार का, संमती मागे घेता येते का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा, उपचारात फरक पडता कामा नये.

फक्त वेळ सांभाळा. काढलेली गाठ तपासणीसाठी फॉर्मॅलीनमध्ये पडली, की तिच्यातल्या पेशी मरतात. मेणात बसवलेला तो ठोकळा निदानाला, दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. पण त्यातून अवयविका वाढत नाहीत. त्यासाठी तुकडा ताजा, जिवंत हवा. म्हणून याबद्दल काही विचारायचे असेल, तर ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारायला हवे.